फीड द्यायला तुमचं काय जातं?

"आरएसएस? ते अजून आहे?"

हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला इतक्या जणांनी विचारलाय की आता चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. (आणि नाही, नागपूरच्या संघटनेबद्दल बोलत नाहीये. आरएसएसवर मराठीत लिहिणाऱ्याला हा खुलासा एकदा करावाच लागतो. केला. पुढे चला.) गंमत म्हणजे विचारणारे कोण, तर आमचेच आयटीवाले. ज्यांचं पोट वेबवर चालतं ती मंडळी. आजोबांनी विचारलं असतं तर चहा घेत घेत समजावून सांगितलं असतं. यांना काय सांगायचं? म्हणून आजचा शनिवार यांच्यासाठी.

आमच्या टीमचं स्लॅकवर एक चॅनेल आहे. क्लाउडवाल्याची कुठली सेवा गडगडली, आपण वापरतो त्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली का, सुरक्षेची काही भानगड निघाली का, हे सगळं तिथे आपोआप येऊन पडतं. हे येतं कुठून, असं एका सीनियरला विचारलं तर म्हणाला, "इंटिग्रेशन आहे." इंटिग्रेशन कसलं डोंबलाचं! गिटहबवरच्या रिलीजेसच्या पत्त्याला शेवटी 'डॉट ॲटम' लावलंय आणि तो पत्ता स्लॅकला देऊन टाकलाय. फीड आहे ती. स्टेटस पेजवरून येतं तीही फीड. आपल्याला रात्री नीट झोप लागावी म्हणून आपण बिनबोभाट फीड वापरतो, आणि आपणच लोकांना जी वेबसाईट बांधून देतो तिच्यात मात्र फीड नसते. का नाही? तर "क्लायंटने मागितली नव्हती."

या एका वाक्यावर माझा राग आहे. क्लायंटने तर पासवर्ड हॅश करून ठेवा असंही मागितलेलं नसतं. ते करता ना?

ज्यांना हे प्रकरणच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (बाकीच्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल.) फीड म्हणजे साईटच्या सर्व्हरवर ठेवलेली एक साधी एक्सएमएल फाईल. तिच्यात शेवटच्या दहा-वीस नोंदी असतात. प्रत्येक नोंदीचं शीर्षक, दुवा, तारीख, एक ओळख क्रमांक आणि सारांश किंवा सगळा मजकूर. तुमच्याकडे फीड रीडर नावाचा प्रोग्राम असतो, त्याला आवडत्या साईटींचे असे पत्ते देऊन ठेवायचे. तो अधूनमधून जाऊन बघतो, नवीन काही असेल तर आणतो, आणि सगळं एका यादीत तारखेप्रमाणे लावतो. काहीच बदललं नसेल तर सर्व्हर '३०४' एवढंच सांगून त्याला परत पाठवतो, पूर्ण फाईलसुद्धा द्यावी लागत नाही. झालं. यात तुमचा मोबाईल नंबर नाही, ई-मेल नाही, ओटीपी नाही. कंटाळा आला तर यादीतून पत्ता उडवायचा, समोरच्याला निरोपही द्यावा लागत नाही. सकाळी पेपरवाला दाराच्या कडीत पेपर अडकवून जातो, तसंच. तो आत येऊन "तुम्ही काल क्रिकेटचं पान जास्त वेळ वाचलंत, म्हणून आज पहिल्या पानावर क्रिकेटच ठेवलंय" असं म्हणत नाही. फेसबुक-इन्स्टावाले नेमकं तेच करतात.

आता "आरएसएस मेलं" या आवडत्या सिद्धांताकडे येऊ.

मार्च १९९९ मध्ये नेटस्केपने आपल्या 'माय नेटस्केप' या पानासाठी आरएसएसची पहिली आवृत्ती काढली. पुढे नेटस्केपने त्यातून अंग काढलं आणि मग जे झालं ते आपल्याकडच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला शोभेल असं होतं. एका बाजूला डेव्ह वायनर, दुसऱ्या बाजूला आवृत्ती १.० वाला गट (डिसेंबर २०००, त्या गटात चौदा वर्षांचा ॲरन स्वार्ट्झही होता). २००२ मध्ये वायनरने २.० काढलं. मग तिसऱ्या मंडळींनी या भांडणाला कंटाळून 'ॲटम' नावाचा वेगळाच प्रकार केला, तो डिसेंबर २००५ मध्ये आरएफसी ४२८७ म्हणून प्रमाणित झाला. या धबडग्यात 'आरएसएस' या तीन अक्षरांचं पूर्ण रूपसुद्धा तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं गेलं. पण वापरणाऱ्याला यातल्या कशाचाच त्रास झाला नाही. रीडर सगळे प्रकार वाचायचे, आजही वाचतात. २००२ सालची २.० ची फाईल आजच्या कुठल्याही रीडरला घाला, उघडेल. तुमच्या तीन वर्षांपूर्वीच्या जावास्क्रिप्ट प्रोजेक्टचं आज बिल्ड होतं का ते बघा आणि मग मेलं कोण ते सांगा.

मग ऑक्टोबर २००५ मध्ये गूगल रीडर आला. चकटफू आणि झकास. बाकीच्या रीडरवाल्यांचं दुकान त्याच्यासमोर चालेना. सगळे लोक एका घाटावर जमा झाले, आणि १३ मार्च २०१३ ला गूगलने जाहीर केलं की घाट बंद. १ जुलैला खरंच बंद केला. कारण काय दिलं? वापर घटलाय. मी तेव्हा दहावीत होतो, मला त्याचं सुखदुःख नव्हतं. पण नंतरची यादी बघा. त्याच २०१३ मध्ये ट्विटरने आपल्या फीड काढून टाकल्या. २०१५ मध्ये फेसबुकने पानांच्या फीड काढल्या. डिसेंबर २०१८ मध्ये फायरफॉक्सच्या ६४ व्या आवृत्तीतून फीड वाचायची सोयच गेली. हेच फायरफॉक्स, ज्याच्यामुळे ते नारिंगी चौकोनी चिन्ह जगभर पोचलं होतं आणि २००५ च्या अखेरीस खुद्द मायक्रोसॉफ्टनेही तेच चिन्ह घेतलं होतं. गावातली एकेक विहीर बुजवायची आणि मग ग्रामसभेत सांगायचं की लोकांना हल्ली तहानच लागत नाही, असला हा युक्तिवाद आहे.

कंपन्यांनी असं का केलं यात गूढ काही नाही. फीडवर कुणाचा लगाम राहत नाही. लिहिणारा लिहितो, वाचणारा वाचतो, मध्ये उभं राहून टोल घेता येत नाही. कोणती पोस्ट वर, कोणती खाली, कोणती 'बूस्ट'चे पैसे भरल्यावर, हे ठरवायला मध्ये कुणीतरी लागतं. कंपनीने कंपनीच्या फायद्याचं केलं, त्यांना मी शिव्या घालत नाही. माझा प्रश्न त्यांना आहे ज्यांना यातून दमडीचाही फायदा नव्हता, तरी ज्यांनी आपापल्या साईटवरून फीड काढली किंवा कधी लावलीच नाही.

मराठीचं उदाहरण द्यायचं तर, आमच्या आधीच्या पिढीतल्या ब्लॉगरांना 'मराठी ब्लॉग विश्व' विचारा. कुणीही कुठेही लिहिलं, ब्लॉगस्पॉटवर असो की वर्डप्रेसवर, की त्याचं शीर्षक तिथे झळकायचं. सांगलीतला मास्तर आणि न्यू जर्सीतला प्रोग्रामर एकाच यादीत, एकाखाली एक. त्यामागे कुठली मोठी कंपनी नव्हती. खाली होत्या त्या फीड. आज मराठीत लिहिणं कमी झालेलं नाही, फेसबुकवर लोक मैलभर लांब लिहितात. पण तीन वर्षांपूर्वी कुणीतरी पुरणपोळीच्या कटाच्या आमटीवर फर्मास लिहिलं होतं, ते शोधून दाखवा बरं आज.

"पण सामान्य माणसाला फीड कळत नाही रे."

सामान्य माणसाला एसएमटीपी कळतं का? तो ई-मेल पाठवतोच ना? पॉडकास्ट घ्या. पॉडकास्ट म्हणजे आरएसएसच आहे, नोंदीला ध्वनिफितीचा पत्ता जोडलेला. २००५ च्या जूनमध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये ते घेतलं आणि आज जो कुणी लोकलमध्ये कानात बोंडं घालून पॉडकास्ट ऐकतोय तो नकळत फीड वापरतोय. स्पॉटिफायने २०२० मध्ये जो रोगनचा कार्यक्रम भरपूर पैसे मोजून फीडमधून उचलला आणि फक्त आपल्याकडे ठेवला. २०२४ च्या नव्या करारात तो पुन्हा सगळीकडे सोडावा लागला. मेलेल्या गोष्टीकडे असं कुणी परत येत नाही.

हे झालं करमणुकीचं. मला खरी आग लागते ती सूचनांवरून.

माझी मामेबहीण सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करते. तिचा दिवस पाच साईट उघडून सुरू होतो. कुठे 'नवीन' असं लुकलुकणारं चित्र (ते जीआयएफ बहुतेक माझ्यापेक्षा वयाने मोठं असावं), कुठे डावीकडून उजवीकडे पळणारी ओळ, कुठे 'येथे क्लिक करा' असंच नाव असलेल्या चाळीस पीडीएफ. पळणाऱ्या ओळीवर टिचकी मारायची म्हणजे डास मारण्याइतकं कसब लागतं. अभ्यासिकेतली सगळी मुलं हेच करतात, आणि कंटाळून शेवटी टेलिग्रामच्या चॅनेलांना शरण जातात. ही चॅनेलं चालवतात क्लासवाले. सूचना येते, पण तिच्यावर क्लासचा शिक्का आणि खाली नव्या बॅचची जाहिरात. गेल्या वर्षी अशाच एका चॅनेलवर भरती परीक्षा पुढे ढकलल्याचं परिपत्रक फिरलं. सही, जावक क्रमांक, सगळं व्यवस्थित. ही बया स्वारगेटला विट्याच्या गाडीत बसली होती, तेव्हा रूममेटचा फोन आला की परिपत्रक खोटं आहे, परीक्षा आहे त्याच तारखेला आहे. उतरली बिचारी. तिकिटाचे पैसे गेले ते गेले, पण जिल्ह्याच्या गावी पोचून पुस्तकं मिटून बसली असती तर?

आता त्या मंडळाच्या साईटवर फीड असती असं धरून चाला. बातमी खरी की खोटी यावर अभ्यासिकेत दोन तास काथ्याकूट झालाच नसता. अधिकृत फीडमध्ये नाही, म्हणजे नाही. विषय संपला. आणि परीक्षा खरंच पुढे ढकलली असती तर सगळ्यांना थोड्याफार फरकाने एकाच वेळी कळलं असतं, क्लास लावलेल्यांना आधी आणि बाकीच्यांना नंतर असं नाही.

अजून एक गोष्ट. सूचनेची पीडीएफ गुपचूप बदलणे हा आपल्याकडचा आवडता खेळ आहे. पत्ता तोच, नाव तेच, आतली तारीख वेगळी. फीडमध्ये एकदा नोंद गेली की ती हजारो रीडरमध्ये जाऊन बसते. नंतर बदललंत तर बदल दिसतो. ॲटममध्ये तर प्रत्येक नोंदीला कायमचा ओळख क्रमांक आणि 'शेवटचा बदल कधी' ही वेळ सक्तीची आहे. काही साहेबांना फीड नको असते त्यामागे हे कारण असेल का, अशी मला शंका येते. पण बऱ्याचदा साहेबांना फीड म्हणजे काय हेच माहीत नसतं, आणि ते सांगणं आपलं काम होतं.

"महापालिकेचं एक्सवर हँडल आहे की, व्हॉट्सॲप चॅनेल आहे की!" आहे ना. आमच्या भागात गुरुवारी पाणी नाही ही सूचना एका चित्राच्या रूपात एक्सवर येते. आईकडे एक्सचं खातं नाही, तिने का काढावं? २०२३ पासून लॉगिन न करता तिथे गेलं तर ताज्या पोस्ट क्रमाने दिसतील याची खात्री नाही. व्हॉट्सॲप चॅनेल भारतात आलं सप्टेंबर २०२३ मध्ये. ते उद्या मेटाने बंद केलं किंवा त्यात जाहिराती कोंबल्या तर पाणीकपातीची सूचना कुठे लावणार? माहिती अधिकार कायद्याचं (२००५) कलम ४ म्हणतं की सार्वजनिक प्राधिकरणाने माहिती लोकांनी मागायची वाट न बघता आपणहून आणि वेळोवेळी पोचवावी, सहज मिळेल अशी, स्थानिक भाषेचा विचार करून. त्यासाठी नोटीस बोर्ड, वर्तमानपत्रं, इंटरनेट अशी साधनंही सांगितलीत. अमेरिकेतल्या कंपनीत खातं उघडल्याशिवाय वाचता येणार नाही असा नोटीस बोर्ड यात कसा काय बसतो, हे कुणी वकील वाचत असतील तर त्यांनी सांगावं.

सरकारी खात्यांना हे जमतच नाही असं कृपया म्हणू नका. रिझर्व्ह बँकेच्या साईटवर प्रसिद्धीपत्रकांच्या आणि अधिसूचनांच्या फीड आहेत. पत्र सूचना कार्यालयाच्या आहेत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'सचेत'वर वादळ-पावसाच्या इशाऱ्यांच्या फीड आहेत. म्हणजे दिल्ली-मुंबईत बसलेल्या कुणीतरी ही एक फाईल बनवली, टेंडर न काढता म्हणा किंवा काढून म्हणा. तुमच्या कॉलेजच्या, पतसंस्थेच्या, नगरपरिषदेच्या साईटला काय धाड भरली आहे?

मित्राच्या छोट्या कंपनीत असंच एका शिक्षणसंस्थेच्या साईटचं काम चालू होतं. सहज विचारलं, सूचनांच्या पानाला फीड लावलीस का? म्हणाला, "कोण वापरतं? वर मार्की दिलीय की. शिवाय न्यूजलेटरचा फॉर्म आहे." न्यूजलेटर म्हणजे ई-मेल पत्ते गोळा करणं आलं, ते सांभाळणं आलं, आणि २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाल्यावर संमतीचा हिशोब ठेवणंही आलं. फीडसाठी तुम्ही कुणाकडून काहीही घेत नाही, मग सांभाळायचं काय? साईट वर्डप्रेसवर होती. वर्डप्रेस ही फीड आपली आपण बनवतं, तुम्ही झोपला असलात तरी. यांनी 'साईट हलकी होते' म्हणून प्लगिन टाकून ती बंद केली होती! मुख्य पानावर चार मेगाबाइटचं संस्थापकांचं चित्र फिरतंय आणि काही किलोबाइटच्या फीडचं ओझं होतंय. वा रे इंजिनियर.

वर्तमानपत्रवाल्यांचं म्हणणं वेगळं आहे, ते मी थोडं ऐकून घेतो. सगळा मजकूर फीडमध्ये दिला तर वाचक साईटवर येणार नाही, जाहिराती कोण बघणार? बरं, मग शीर्षक आणि दोन ओळी द्या. वाचायचं असेल तो टिचकी मारून येईल. तेही न देता "आमची सूचना मिळवायची आहे का?" असा डबा प्रत्येक पानावर तोंडावर फेकायचा, याला वाचकाची काळजी म्हणत नाहीत. हल्ली नवीन कारण ऐकू येतं, की फीड दिली तर एआयवाले मजकूर ओरबाडतात. अहो, ते तुमची साईट पानोपान आधीच ओरबाडतायत, आणि साइटमॅप तर तुम्हीच गूगलसाठी ताटात वाढून ठेवलाय. फीड बंद करून फक्त तुमचा नेमाने येणारा वाचक अडतो. चोराला खिडकी माहीत आहे, तुम्ही पाहुण्यांचं दार बंद करताय.

तर आता आयटीवाल्यांनो, सोमवारी ऑफिसात गेलात की एवढं बघा. साईट वर्डप्रेसवर असेल तर पत्त्यापुढे 'स्लॅश फीड' टाका. उघडलं तर तुमची फीड चालू आहे, फक्त कुणाला सांगितलेलं नाही. थीममध्ये 'ऑटोमॅटिक फीड लिंक्स'चा आधार दिलेला आहे का ते तपासा, एका ओळीचं काम आहे. त्याने पानाच्या डोक्यात फीडचा पत्ता जातो आणि रीडरला तो आपोआप सापडतो. साईट हाताने लिहिलेली असेल तर सूचनांचं टेबल डेटाबेसात आहेच, त्यातल्या शेवटच्या वीस ओळी एक्सएमएलमध्ये छापायच्या. एक दुपार, चहा धरून. शीर्षकं मात्र युनिकोडमध्ये द्या. स्कॅन केलेल्या पीडीएफमधलं किंवा जुन्या फाँटमधलं मराठी ना शोधता येतं ना वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कळतं; निदान फीडच्या शीर्षकात तरी 'शुद्धिपत्रक क्र. २' एवढं न लिहिता कशाचं शुद्धिपत्रक ते लिहा. पान मोठं रहदारीचं असेल आणि रीडर सारखे येऊन विचारतात याची भीती असेल तर वेबसब वापरा, २०१८ पासून ती डब्ल्यूथ्रीसीची शिफारस आहे. नवीन काही आलं की सर्व्हरच कळवतो. पण नगरपरिषदेला एवढंही लागणार नाही.

आणि वाचणाऱ्यांनो, तुम्हालाही सुटका नाही. कुठलाही रीडर घ्या, फुकट आणि चांगले बरेच आहेत. घेताना तो ओपीएमएल फाईल बाहेर काढू देतो का एवढं बघा, म्हणजे उद्या त्याचा गूगल रीडर झाला तरी तुमची यादी तुमच्याकडे राहील. ब्लॉगर, वर्डप्रेस, सबस्टॅक सगळ्यांच्या फीड आहेत. यूट्यूबच्या चॅनेललासुद्धा आहे, फक्त ते सांगत नाहीत. चॅनेलच्या पानाचा पत्ता रीडरमध्ये टाकलात तर बरेच रीडर ती शोधून काढतात. ज्या साईटला नसेल तिच्या 'संपर्क' पानावर जाऊन दोन ओळींचा मेल टाका, की आपल्या सूचनांची फीड हवी आहे. "क्लायंटने मागितली नव्हती" म्हणणाऱ्याच्या क्लायंटलाच मागायला लावायचं. मी आतापर्यंत अकरा ठिकाणी टाकलाय. दोघांचं उत्तर आलं. एकाने फीड लावली. दुसऱ्याने विचारलं, "फीडबॅक म्हणायचंय का आपल्याला?" :)

कुणाला सूचनांची फीड असलेली नगरपरिषद किंवा महापालिका माहीत असेल तर पत्ता खाली प्रतिक्रियेत टाका. आज रात्रीच यादीत घालतो.